आधी ‘विशेष’, मग कुशल

प्रश्न : मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतील टेरी टॉवेलच्या एका कारखान्याच्या कार्यालयात दोन वर्षांपासून काम करते. माझे बी.कॉम. झाले असून शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. परदेशी ग्राहकांचे सगळे मेल मीच लिहिते. जर्मनीतील हॅम्बुर्गच्या एका ग्राहकाला १८ फेब्रुवारीला पाठविलेल्या मेलला १६ दिवस उत्तर आले नाही. रंगाचे नमुने, म्हणजे लॅब डिप, त्यांना २१ फेब्रुवारीला पोहोचल्याचे कुरिअरच्या नोंदीत दिसते. उत्तर न आल्यामुळे आमचा डाईंगचा, म्हणजे कापड रंगविण्याचा, नंबर दुसऱ्या ऑर्डरला गेला आणि मालकांनी सगळ्यांसमोर ‘तुझे इंग्रजी कच्चे आहे’ असे सुनावले. तो मेल सोबत जोडला आहे. मी इंग्रजीचा क्लास लावू का? की मेल सरळ एआयकडून लिहून घेऊ? आणि उत्तर येत नसेल, तर उद्धट न वाटता आठवण कशी करावी?
— एक वाचक, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

तुमचा मेल मी तीनदा वाचला. त्यात इंग्रजीच्या दोन चुका आहेत. एका ठिकाणी ‘द’ राहिला आहे आणि एका ठिकाणी क्रियापदाचा काळ घसरला आहे. या दोन्हींमुळे अर्थाला कोठेही बाधा येत नाही. तेव्हा मालकांचे निदान मला मान्य नाही. आजार आहे, पण तो इंग्रजीचा नाही. हे पटावे म्हणून तुमचा मेल येथे मराठीत उतरवून देते, कारण भाषा बदलूनही दोष जागच्या जागी राहिला, तर तो भाषेचा नव्हता हे आपोआप ठरते.

“विषय : ऑर्डरबाबत. आदरणीय सर, आपण कुशल असाल अशी आशा आहे. आमच्या कंपनीवर दाखविलेल्या विश्वासाबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. आपल्या ऑर्डरचे सूत आले असून विणकाम सुरू झाले आहे. कार्टनवर छापावयाच्या मजकुराचा नमुना सोबत जोडला आहे. लॅब डिप आज कुरिअरने पाठविले आहेत. आगाऊ रकमेबाबतही कृपया पाहावे. तरी योग्य ते करून लवकरात लवकर रिव्हर्ट करावे.”

आता हॅम्बुर्गच्या त्या खुर्चीत बसून हा मजकूर वाचा. सूत आले, विणकाम चालू आहे, नमुने निघाले आहेत. सगळे सुरळीत दिसते. तुमच्या कारखान्यात ज्या एका गोष्टीवाचून काम अडले होते, ती म्हणजे ए, बी आणि सी या तीन छटांपैकी एक निवडून कळविणे, आणि नेमकी ती या मेलमध्ये कोठेच मागितलेली नाही. नमुने ‘पाठविले आहेत’ एवढीच बातमी आहे. शिवाय मेल १८ तारखेला गेला आणि नमुने २१ तारखेला पोहोचले, म्हणजे पाकीट हाती पडले तेव्हा तुमचा मेल इतर शंभर मेलांखाली गाडला गेलेला होता, आणि ‘ऑर्डरबाबत’ या विषयावरून तो पुन्हा शोधून काढणेही अवघडच होते. त्या गृहस्थांनी दुर्लक्ष केले असे मला वाटत नाही. त्यांना काही करावयाचे आहे, हेच त्यांना कळले नाही.

आपल्याकडे पत्राची जुनी रीत मोठी शहाणपणाची होती. पेशवाईतल्या पत्रांत ‘विनंती उपरी येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे’ असा ठरीव मायना असे आणि त्यापुढे ‘विशेष’ हा एक शब्द येई. मुद्दा त्या शब्दानंतर सुरू होई. वाचणाऱ्या कारभाऱ्याची नजर मायन्यावरून घसरत थेट ‘विशेष’वर जाऊन थांबत असणार, कारण काम तेथे होते. तुमच्या मेलमध्ये कुशल आहे, मायनाही आहे, पण ‘विशेष’ नाही. आणि आज परिस्थिती अशी आहे की माणूस मेल मोबाइलवर, चालता चालता, पहिल्या दोन ओळी पाहून उघडायचा की नाही ते ठरवतो. म्हणून तुम्हाला जुना क्रम उलटा करावा लागेल. विशेष आधी, कुशल मागाहून, आणि जागा उरली नाही तर कुशल नसले तरी चालेल.

हे मला कोणी पुस्तकातून शिकविले नाही. मी सोलापुरातल्या एका कार्यालयात टंकलेखिका म्हणून लागले, तेव्हा आमचे हेडक्लार्क मसुदा हाती घेत आणि न वाचताच टेबलावर पालथा ठेवून विचारीत, “आता तोंडानं सांग, त्यांच्याकडून काय पायजे?” मी अडखळले की कागद तसाच परत मिळे. एका वाक्यात सांगता आले, तर म्हणत, “मग हेच पहिल्या ओळीत लिही की!” जावक नोंदवहीत ‘विषय’ या रकान्याला जेमतेम चार-पाच शब्दांची जागा असे, आणि त्यात ‘पत्राबाबत’ असे लिहिलेले त्यांनी कधी चालवून घेतले नाही, सगळी पत्रे कशाबाबत तरी असतातच, असे ते म्हणत. मला त्या वेळी त्यांचा राग येई. आज मी तुमचा मेल तसाच पालथा ठेवते आहे.

समजा, नमुने पोहोचल्याची नोंद दिसताच २१ फेब्रुवारीला तुम्ही असे लिहिले असते :

“विषय : पीओ ११४७ – लॅब डिपची निवड हवी, २८ फेब्रुवारीपर्यंत.
लॅब डिप ए, बी आणि सी यांपैकी कोणती छटा घ्यावी, ते कृपया शुक्रवार, २८ फेब्रुवारीपर्यंत कळवावे. तिन्ही नमुने आज आपल्या कार्यालयात पोहोचल्याची कुरिअरची नोंद आहे. आपली निवड कळल्यावर दुसऱ्या दिवशी डाईंग सुरू करू. २८ तारखेनंतर कळविल्यास आमचा डाईंगचा नंबर पुढे जाईल आणि माल ठरलेल्या जहाजावर चढविता येणार नाही. कार्टनवरील मजकूर आणि आगाऊ रक्कम यांसाठी स्वतंत्र मेल पाठवीत आहे.”

ऑर्डरचा क्रमांक, म्हणजे ‘पीओ’, मी माझ्या मनाने घातला आहे, तो तुमचा घाला. यात अवघड इंग्रजीची गरज पडेल असे एकही वाक्य नाही. कोणी, काय, कधीपर्यंत आणि न केल्यास काय होईल, या चारही गोष्टी आल्या आहेत. आणि शेवटची गोष्ट धमकी म्हणून आलेली नसून डाईंगखात्यातली वस्तुस्थिती म्हणून आली आहे. तारीख कारणासकट दिली की ती कोणाला बोचत नाही. ‘लवकरात लवकर’ मात्र कोणालाच बांधून ठेवीत नाही, कारण ज्याचे त्याचे ‘लवकर’ वेगळे असते. तीन कामे तीन मेलांत विभागली आहेत, तीही मुद्दाम : छटा निवडणारा माणूस, कार्टनचा मजकूर पाहणारा आणि पैसे सोडणारा हे बहुधा तीन वेगवेगळे लोक असतात, आणि एका मेलमध्ये तिघांची कामे घातली की तिघेही दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत बसतात.

छटेवरून एक आठवले. छटेची मंजुरी मोबाइलच्या फोटोवरून कधीही मागू नका. सोलापूरच्या दुपारच्या उन्हात काढलेला फोटो आणि हॅम्बुर्गच्या ट्यूबलाइटखाली पाहिलेला संगणकाचा पडदा यांत निळ्याचे काय होईल, ते तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. मेलमध्ये पँटोन क्रमांक, म्हणजे रंग ओळखण्याचा ठरीव क्रमांक, आणि लॅब डिपचे अक्षर लिहा. डोळ्यांनी पाहण्याचे काम कापडाच्या तुकड्यावरच होऊ द्या.

आता शब्दांकडे येते, कारण तेथे इंग्रजीचा प्रश्न थोडासा आहे, मात्र मालक म्हणतात तसा नाही. ‘डू द नीडफुल’ (तुमच्या मेलमधले ‘योग्य ते करून’) आणि ‘रिव्हर्ट’ हे शब्द आपल्या कचेऱ्यांत इतके रुळले आहेत की ते इंग्रजीच आहेत, याबद्दल आपल्याला शंका येत नाही. ‘डू द नीडफुल’ हे जुन्या सरकारी इंग्रजीतले उरलेले वाक्य आहे आणि ते आपल्या ‘पुढील योग्य ती कार्यवाही व्हावी’ याचे सख्खे भावंड आहे. योग्य ती म्हणजे कोणती, हे लिहिणाऱ्याने ठरवायचे टाळले की ते वाचणाऱ्याच्या गळ्यात पडते. ‘रिव्हर्ट’चा अर्थ भारताबाहेर बहुतेक ठिकाणी पूर्वस्थितीला जाणे असा घेतला जातो, उत्तर देणे असा नव्हे, तेथे साधा ‘रिप्लाय’ लिहावा. सगळ्यांत घातक शब्द ‘डाउट’. आपण वर्गात हात वर करून ‘सर, डाउट आहे’ म्हणत आलो, म्हणून आपल्याला तो ‘प्रश्न’ या अर्थी वाटतो. पण ‘तुमच्या पेमेंटबद्दल मला डाउट आहे’ असे परदेशी ग्राहकाला लिहिले, तर तुम्ही त्याच्या सचोटीवर संशय घेतला, असा त्याचा सरळ अर्थ होतो. तेथे ‘क्वेश्चन’ लिहा आणि एक भांडण वाचवा.

‘आदरणीय सर’ हेही सोडून द्या. तुमच्या मेलखाली ग्राहकाचा आधीचा मेल आहे आणि त्यातल्या सहीत पूर्ण नाव आहे, ते मला दिसते. ते न वापरता ‘सर’ लिहिणे म्हणजे घराचा पत्ता माहीत असून गल्लीत उभे राहून ‘ओ दादा’ अशी हाक मारण्यासारखे आहे. समोर बाई असल्या तर अधिकच पंचाईत. आंद्रेआ हे नाव जर्मनीत स्त्रीचे असते आणि इटलीत पुरुषाचे, त्यामुळे नावावरून अंदाज बांधण्यातही धोका आहे. खात्री नसेल तेव्हा ‘डिअर’नंतर पूर्ण नाव लिहावे. जर्मन लोक व्यवहारात आडनावाने संबोधणे पसंत करतात. त्यांनी स्वतःहून पहिल्या नावाने सही करायला सुरुवात केली, की मग तुम्हीही तसे लिहायला हरकत नाही.

आकड्यांविषयी मात्र मी थोडी अधिक जागा घेणार आहे, कारण शब्द चुकला तर समोरचा विचारतो, आकडा चुकला तर माल चुकतो. तुम्ही ०४/०३ असे लिहिले तर जर्मन माणूस तुमच्यासारखेच ४ मार्च वाचील, पण अमेरिकन ग्राहक ते ३ एप्रिल वाचील. म्हणून महिना नेहमी अक्षरांत लिहावा. ‘पाच वाजेपर्यंत’ लिहिताना कोणाचे पाच, तेही लिहावे, कारण जर्मनीचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी ते बदलले की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेतीन तासच मागे राहते. आपले १,००,००० हे स्वल्पविराम बाहेरच्याला टंकनाची चूक वाटतात. तेथे १००,००० लिहावे, ‘लाख’ शब्द तर नकोच. जर्मन पद्धतीत याहून मोठा सापळा आहे : तेथे हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे तुमचे ३.२५० डॉलर कोणाला तीन हजार दोनशे पन्नास वाटू शकतात. दर नेहमी दोनच दशांश स्थळांपर्यंत लिहा, ३.२५ असा.

आणि जेथे जमेल तेथे एका आकड्याची साक्ष दुसऱ्या आकड्याने काढा. ७० बाय १४० सेंटिमीटरचा, ५०० जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला ५०० ग्रॅम भरणारा, टॉवेल असेल, तर एका नगाचे वजन ४९० ग्रॅम भरते, आणि ६,००० नगांचे २,९४० किलो. ऑर्डर पक्की करणाऱ्या मेलमध्ये माप, जीएसएम आणि नगाचे वजन हे तिन्ही एका ओळीत लिहिले, की ५०० च्या जागी चुकून ४०० टंकले गेले तरी वजन लगेच चहाडी करते. हे लिहायला दहा सेकंद लागतात.

क्लास लावावा का, या प्रश्नाचे उत्तर असे की हौस असेल तर अवश्य लावा, पण मेलसाठी लावू नका. क्लासमध्ये काळ आणि प्रयोग शिकवितील. ग्राहकाकडून काय हवे आहे, ते तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. शिवाय एक गोष्ट आपण नेहमी विसरतो : हॅम्बुर्गच्या त्या माणसाचीही मातृभाषा इंग्रजी नाही. छोटी, साधी वाक्ये त्यालाही हवीच असतात. आणि ऐकणारा पाहून भाषा बदलणे हे सोलापूरकराला शिकवावे लागते काय? येथे एकाच सकाळी भाजीवालीशी कन्नडमध्ये, कारखान्यातल्या मास्तरांशी तेलुगूत आणि बँकेत मराठीत बोलणारी माणसे पावलोपावली भेटतात. तुम्हीही कदाचित त्यांच्यापैकीच असाल. जी समज तुम्ही बोलताना सहज वापरता, ती लिहिताना कॉलर ताठ करून उभी राहते, इतकेच.

एआयचेही असेच. त्याला तुमचा तो १८ तारखेचा मेल दिला असता, तर त्याने ‘द’ घातला असता, काळ सुधारला असता, आभाराचे एक वाक्य वाढविले असते, आणि छटेची निवड पूर्वीइतकीच गायब राहिली असती. डाईंग अडले आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आधी मराठीत, कागदाच्या चिठोऱ्यावर, काय हवे ते एका वाक्यात लिहा. ते वाक्य जमले की भाषांतराला यंत्राची मदत घेण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. फक्त पाठविण्यापूर्वी त्याने घुसडलेली विशेषणे खुडून टाका आणि आकडे मूळ कागदाशी ताडून पाहा. दरपत्रके आणि ग्राहकांची माहिती बाहेरच्या सेवेत टाकण्यापूर्वी मालकांना विचारा, कारण ती तुमची एकटीची नाही.

आठवण करण्याचा संकोच तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसतो. तुम्ही १६ दिवस थांबलात ते सौजन्यापोटी, पण काम त्यांचेही अडकलेले होते. वेळेवर केलेली आठवण हा त्यांच्यावर उपकारच असतो. तीन-चार कामाचे दिवस गेले की त्याच मेलला उत्तर म्हणून, म्हणजे जुना मजकूर खाली राहील अशा रीतीने, दोन ओळी लिहा : “लॅब डिपच्या निवडीची वाट पाहत आहोत. २८ फेब्रुवारीपर्यंत कळल्यास जहाज चुकणार नाही.” ‘मागील मेल आपण पाहिला नसावा’ असे लिहू नका, त्यात आरोप लपलेला असतो. दुसऱ्या आठवणीलाही उत्तर नसेल, तर फोन उचला. फोनवर जे ठरेल ते त्याच दिवशी मेलने कळवा : “आज दुपारी फोनवर ठरल्याप्रमाणे छटा बी नक्की धरून डाईंग सुरू करीत आहोत.” आपल्याकडे निम्मा धंदा व्हॉट्सअ‍ॅपवर आणि उरलेला तोंडी चालतो, पण माल नाकारला गेला की या एका ओळीचे मोल कळते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम १०-अ प्रमाणे एखादा करार केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला, एवढ्या कारणावरून अंमलबजावणीस अपात्र ठरत नाही. तेव्हा मेलमधला ‘होय’ हा कागदावरच्या ‘होय’इतकाच जपून लिहावा आणि जपून ठेवावा.

आठवणीच्या मेलमध्ये समोरच्याच्या वरिष्ठांना ‘सीसी’त घालण्याचा मोह होतो. ही दोन अक्षरे ‘कार्बन कॉपी’ची आहेत. माझी बोटे त्या कार्बनने वर्षानुवर्षे निळी झाली, आणि तिसरी प्रत नेहमीच पुसट येई, म्हणून प्रत कोणाला द्यायची याचा आम्ही विचार करीत असू. आता प्रत फुकट झाली आहे. वरिष्ठाला सीसीत पाहून माणूस काम करतो खरा, पण पुढच्या वेळी तुमचे नाव पाहूनच त्याचा चेहरा बदलतो. पहिल्या दोन आठवणी एकट्यालाच कराव्यात.

तुमच्या पत्रात एक ओझरता उल्लेख आहे की मालक रागात असले, की खुर्चीमागे उभे राहून मेल सांगतात आणि तुम्ही तो जसाच्या तसा इंग्रजीत उतरविता. मला वाटते, मूळ दुखणे बरेचसे येथे आहे. बोलणारा माणूस आठवेल त्या क्रमाने बोलतो : आधी सूत, मग कार्टन, मग पैसे. तो क्रम त्यांच्या डोक्याचा आहे, ग्राहकाच्या सोयीचा नाही, आणि तो बदलणे हे तुमचे काम आहे. तेव्हा सांगून होईपर्यंत टिपून घ्या आणि मग नम्रपणे विचारा, “साहेब, यातले एकच काम आज व्हायला हवे असेल, तर कोणते?” जे उत्तर मिळेल, ती तुमची पहिली ओळ. असे मेल लिहिताना पत्त्याची जागा रिकामी ठेवा. आधी जोडपत्रे जोडा, मग मजकूर लिहा, आणि पत्ता सगळ्यात शेवटी भरा, म्हणजे अर्धवट मजकूर चुकून निघून जाणार नाही. जीमेलमध्ये पाठविलेला मेल मागे घेण्याची मुदत सेटिंगमधून ३० सेकंदांपर्यंत वाढविता येते, तीही वाढवून ठेवा. मालकांचा राग ३० सेकंदांत उतरत नाही, हे मला कळते, पण जोडपत्र विसरल्याचे तेवढ्यात नक्की आठवते. जोडपत्रे सगळी मिळून २५ एमबीच्या वर जाऊ देऊ नका, आणि फायलीला ‘फायनल न्यू २’ असले नाव देण्याऐवजी ऑर्डरचा क्रमांक व तारीख द्या.

पैशांच्या मेलविषयी एकच सांगते. ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा मेल कोणाकडूनही आला, अगदी ओळखीच्या पत्त्यावरून आला, तरी त्या मेलमधल्या क्रमांकावर फोन न करता तुमच्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करा. फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

सहीखाली तुमचे पूर्ण नाव, पद आणि +९१ सह मोबाइल क्रमांक असू द्या. सध्या तेथे फक्त कंपनीचे नाव आहे, त्यामुळे हॅम्बुर्गच्या माणसाला उत्तर कोणाला द्यायचे तेही ठाऊक नाही. कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीचा वार तेथेच लिहा. आणि संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत कामगार किती दिवस येणार नाहीत, हे डिसेंबरातच सगळ्या ग्राहकांना एका मेलने कळवून टाका. पत्ते ‘बीसीसी’त घाला, म्हणजे एका ग्राहकाला दुसऱ्याचा पत्ता दिसणार नाही.